१९१८ चा दगड, १९३६ चा फेरफार आणि एकाच नावाचे पणजोबा

नमस्कार. तुमचा प्रश्न मी असा समजले: मालवण तालुक्यातल्या तुमच्या मूळ गावी चर्चच्या दफनभूमीत पणजोबांच्या नावाचा संगमरवरी दगड आहे आणि त्यावर मृत्यूचं साल १९१८ दिसतं. पण तुम्ही काढलेल्या जुन्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या सरकारी नोंदीत, १९३६ साली, नेमक्या त्याच नाव-आडनावाच्या माणसाच्या नावे एक माडाचं भाट, म्हणजे माडांची बागायत, लागलं आहे. मेलेला माणूस अठरा वर्षांनी जमीन कशी घेईल, असं तुम्ही विचारता. त्यात भर म्हणजे आजच्या सातबाऱ्यावर नावांची जी रांग आहे, तिच्यातली निम्मी माणसं तुमच्या घरात कुणाला ठाऊक नाहीत आणि मुंबईच्या आत्यांनी लिहून ठेवलेल्या वंशावळीतही ती नाहीत.

माझी नोकरी महसूल खात्याच्या अभिलेख कक्षात गेली. आता मालवण, वेंगुर्ला, कुडाळ भागातल्या लोकांना जुने कागद वाचून वंशावळी जुळवायला मदत करते. ख्रिस्ती घरांची कामं त्यात पुष्कळ असतात. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे छातीठोक निकाल देणार नाही. पण कोणत्या कागदाला काय विचारायचं आणि कुठे त्याच्यावर विसंबायचं नाही, हे सांगू शकते.

पहिली गोष्ट, दगड खरा की फेरफार, असा हा प्रश्नच नाही. दोन्ही खरे असू शकतात. प्रश्न असा आहे की हे दोन कागद एकाच माणसाबद्दल बोलतात की दोन माणसांबद्दल, आणि ते नावावरून ठरणार नाही. आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायची रीत होती. समजा एका माणसाला दोन मुलगे झाले. दोघांची लग्नं झाली, दोघांना पहिला मुलगा झाला. दोघेही आजोबांचं नाव ठेवणार. झाले दोन सख्खे चुलतभाऊ, एका वाडीत, एका नावाचे, एका आडनावाचे, वयात चार-पाच वर्षांचा फरक. वर आजोबाही त्याच नावाचे. कधी नाव गॉडफादरचं ठेवलं जाई, तेव्हा वेगळं निघे. पण आजोबांचं नाव फिरत राहिलेली घरं मी सतत पाहते. आडनावाचंही तसंच. ती पोर्तुगीज आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी मिळाली, त्यामुळे गावातल्या दोन फर्नांडिस घरांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही.

म्हणून माझ्या कामाचा नियम एकच आहे. माणूस नावाने ओळखायचा नाही. बापाचं नाव, बायकोचं नाव आणि जमिनीचा तुकडा, या तिन्हींनी ओळखायचा. त्यातही जमिनीचा तुकडा सगळ्यात भरवशाचा, कारण माणसं मुंबईला गेली, आफ्रिकेत गेली, नावं बदलली, पण भाट जागचं हललं नाही.

आता दगडाकडे येऊ. सालाचा आकडा पुन्हा वाचा, आणि तो इंग्रजी आकड्यांत असेल तर आवर्जून. मालवणच्या पावसात कोरीव आकडे झिजतात आणि झिजलेला चार पुष्कळदा एकासारखा दिसतो. १९१८ च्या जागी १९४८ असेल तर तुमचं कोडं तिथेच संपलं. पणजोबा १९३६ साली हयात होते. हे तपासायला दगड खरवडू नका, तारेचा ब्रश नको, ॲसिड नको, खडूही फासू नका. साधं पाणी शिंपडा, मऊ ब्रशने शेवाळ काढा आणि सूर्य कलता असताना बघा. दुपारच्या उजेडात अक्षरं सपाट होतात. बॅटरी अगदी बाजूने, दगडाला चिकटून धरली की खोबणीत सावली पडते आणि आकडा उठून येतो. तसे वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढा. शिवाय आजूबाजूच्या थडग्यांचेही काढा, कारण शेजारी कोण पुरलं आहे ही स्वतंत्र माहिती असते.

दगड कधी बसवला गेला, हाही विचार करा. जुनी थडगी जांभ्या चिऱ्याची असत आणि जांभ्यात अक्षर टिकत नाही, म्हणून बरीचशी बिननावाची आहेत. संगमरवर बाहेरून आणावा लागे. तो बहुधा मुलांनी किंवा नातवंडांनी, हातात पैसा आल्यावर, मागाहून बसवलेला असतो. मग त्यावरचं साल हे कुणाच्या तरी आठवणीतलं साल आहे. दगडावर ‘मुलांनी बसवला’ अशा अर्थाचा मजकूर असेल, मुलांची नावं असतील, तर ती सालापेक्षा मोलाची आहेत. आणि एक लक्षात ठेवा: कोकणातल्या बऱ्याच चर्चांत जागा कमी असल्याने काही वर्षांनी थडगं उकरून अस्थी बाजूला ठेवतात आणि जागा दुसऱ्याला देतात. कायमची जागा पैसे भरून घेतलेल्यांचीच राहते. त्यामुळे एखाद्या पूर्वजाचा दगड नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

खरा कागद दगडामागे आहे, तो म्हणजे चर्चचं दफननोंदीचं पुस्तक. दगड नसलेल्यांचीही नोंद त्यात असते आणि ती त्या दिवसांतच लिहिलेली असते. त्यात मृताचं नाव, वय, बापाचं किंवा नवऱ्या-बायकोचं नाव मिळण्याची शक्यता असते. लिखाण पोर्तुगीजमध्ये किंवा लॅटिनमध्ये असेल. जुन्या काळी इथली चर्चं गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत होती. सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत २००५ साली झाला. त्यामुळे गावच्या चर्चमध्ये जुनं पुस्तक नसेल तर ते नष्ट झालं असं धरू नका, कुठे हलवलं गेलं ते फादरना विचारा. जाताना १९१८ आणि १९४८ ही दोन्ही सालं घेऊन जा. पुस्तक हाताळायला मिळालं नाही तरी नोंद वाचून दाखवायची विनंती करा, आणि बरोबर त्याच घराची लग्नाची नोंद मागा. लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरी दोघांच्याही आईबापांची नावं असतात, आणि चुलतभाऊ वेगळे करायला त्याहून चांगलं काही नाही.

१९१८ खरंच असेल तर महिना बघा. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई इलाख्यात कहर केला. त्या दिवसांची पानं गच्च भरलेली असतात, एकेका घरातली दोन-दोन तीन-तीन माणसं. अशा पानावर तुमच्या आडनावाच्या सगळ्या नोंदी उतरवून घ्या, फक्त पणजोबांची नको. धाकटी मुलं पोरकी झाली असतील तर पुढे जमिनीच्या कागदात ती ‘अ.पा.क.’ म्हणून, म्हणजे अज्ञान (वयात न आलेला वारस) आणि त्याचा पालनकर्ता, अशी दिसतात. त्यावरून त्यांचं वयही अंदाजाने कळतं.

चर्चच्या नोंदीला सरकारी जोड म्हणजे गाव नमुना १४, जुन्या काळचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. आजच्या कायद्याप्रमाणे जन्म-मृत्यू नोंदणी १९७० पासूनची. त्याआधीच्या नोंदी या पुस्तकात. ती बहुतेक तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात आणि जुनी पानं मोडीत असतात. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, त्यामुळे ख्रिस्ती नावं वाचताना वाचणाऱ्याला आधी नावांची यादी द्या. बस्त्याव म्हणजे चर्चच्या पुस्तकातला सेबास्तियांव, हे मोडी जाणणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. लिहिणाऱ्याने जसं ऐकलं तसं लिहिलं आहे.

आता फेरफार, म्हणजे गाव नमुना ६. इथे मी जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. फेरफाराची तारीख म्हणजे घटनेची तारीख नव्हे. कुणीतरी वर्दी दिली आणि तलाठ्याने नोंद घातली, ती ही तारीख. माणूस वारला आणि वीस वर्षांनी वारस नोंद झाली, हे आपल्याकडे नेहमीचं आहे, चाकरमानी कुटुंबांत तर हमखास. म्हणून तारीख बाजूला ठेवून ‘हक्काचे स्वरूप’ या रकान्यातला मजकूर शब्दन् शब्द वाचा.

तिथे ‘नोंदणीकृत खरेदीखताने’ असं असेल तर घेणारा त्या खताच्या वेळी हयात होता असं धरायला हरकत नाही. मग १९१८ साली वारलेला तो नव्हे. खताचा नंबर आणि तारीख तिथेच दिलेली असते. त्यावरून दुय्यम निबंधक कचेरीतून खताची नक्कल मागा.

‘वारसाने’ असं असेल तर गोष्ट वेगळी. मूळ खातेदार ‘सुमारे अमुक वर्षांपूर्वी मयत, त्यास वारस अमुक’ अशी वाक्यरचना असते. ते ‘सुमारे’ वर्दी देणाऱ्याच्या तोंडचं आहे. शिवाय वर्दी देणारा कधीकधी मेलेल्या भावाचंही नाव वारसांत सांगतो, कारण त्याच्या मुलांचा हिस्सा त्याच्यातूनच येतो. अशा वेळी पुढच्या काही वर्षांत त्याला मयत दाखवून मुलांची नावं लावणारा दुसरा फेरफार सापडतो. तुमच्या १९३६ च्या नोंदीनंतरच्या पाच-दहा वर्षांतले त्याच सर्व्हे नंबरचे फेरफार म्हणूनच बघा. असा दुसरा फेरफार निघाला आणि त्यातल्या मुलांची नावं तुमच्या आजोबांची आणि त्यांच्या भावंडांची असली, तर माणूस एकच आणि १९१८ ही शाबूत. मुलं वेगळीच निघाली तर तो पणजोबांचा चुलतभाऊ.

‘वाटणीने’ असेल तर उत्तम. वाटणीत सगळे भाऊ एका पानावर येतात.

बापाच्या नावासाठी ‘बिन’ हा शब्द शोधा. जुन्या कागदात तो ‘चा मुलगा’ म्हणून येतो. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘मर्द’ आला की त्यापुढचं नाव नवऱ्याचं. नक्कल काढताना पुष्कळदा हे छोटे शब्द गाळले जातात, म्हणून शक्य असेल तर मूळ पान डोळ्यांनी पाहा.

सातबाऱ्यावरची अनोळखी नावं सोडवायची पद्धत यांत्रिक आहे आणि ती धीराने करावी लागते. प्रत्येक नावाशेजारी वर्तुळात किंवा कंसात एक आकडा असतो. तो फेरफार क्रमांक. त्या फेरफारापर्यंत जा. तिथे हे नाव कुणाच्या जागी आलं ते कळेल. त्याच्या आधीच्या नावाचा फेरफार घ्या, आणखी मागे जा. संगणकीकरणाआधीचा हस्तलिखित सातबारा मिळवा, कारण त्यात कमी केलेली, कंसात टाकलेली नावं दिसतात. १९३० च्या मागे जायचं तर कडईपत्रक, म्हणजे सातबाऱ्याआधीचं जमीनधारकांच्या नोंदीचं पत्रक, मागा. गाव खोती असेल, म्हणजे सारा खोतामार्फत भरला जात असेल, तर बोटखतही, म्हणजे खोती गावातल्या कसणाऱ्यांच्या नोंदीचं पुस्तक, विचारा. तुमचं गाव खोती होतं, कुळारगी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरणारं होतं, की खिचडी, म्हणजे मिश्र, हे आधी कळलं पाहिजे, कारण खोती गावात कसणाऱ्याचं नाव आणि खोताचं नाव यांची गल्लत होते. खोती १५ मे १९५० पासून संपली, आणि त्यानंतरच्या दप्तरात बरीच नावं नव्याने कब्जेदार म्हणून दिसू लागतात. त्यात नात्याचा काही संबंध नसतो.

अनोळखी नावं साधारण तीन वाटांनी आलेली असतात. तुमचंच आडनाव पण माणसं अनोळखी, तर बहुधा चुलत शाखा, ज्यांची वाटणी कागदावर कधी झालीच नाही. वेगळं ख्रिस्ती आडनाव, तर आधी लग्न होऊन गेलेल्या मुलींची मुलं आहेत का ते पाहा. ख्रिस्ती माणसाला १८६५ चा आणि नंतर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना सारखं, त्यात मुलगा-मुलगी भेद नाही. तेव्हा आत्यांच्या वंशावळीत ज्या बहिणी ‘लग्न होऊन गेली’ एवढ्यावर संपतात, त्यांचे वंशज सातबाऱ्यावर असणं अगदी स्वाभाविक आहे. आणि वारसांत मुली मुळीच दिसत नसतील तर हक्कसोडपत्र झालं होतं, की कुणी त्यांची नावं सांगितलीच नाहीत, हे शोधावं लागतं. तिसरी वाट कुळांची. कुळाचं नाव आधी ‘इतर हक्क’ या रकान्यात असे आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कसणारी कुळं मालक होत गेली. त्यांना वंशावळीत बसवायचा प्रयत्न करू नका.

एक कागद लोक जवळजवळ कधीच मागत नाहीत आणि माझा त्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास आहे: जुन्या खरेदीखतातली, गहाणखतातली, वाटणीपत्रातली चतुःसीमा. ‘पूर्वेस अमक्याचे भाट, पश्चिमेस व्हाळ, दक्षिणेस तमक्याचा मांगर, उत्तरेस पाणंद’ असा तो मजकूर. हे शेजारी परके क्वचितच असतात. एकच भाट भावाभावांत वाटलं की प्रत्येकाच्या खतात बाकीचे भाऊ सीमेवर उभे राहतात. तुमच्या १९३६ च्या भाटाच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला तुमच्या आजोबांच्या बापाचं नाव ‘बिन’ सकट आलं, तर भाट घेणारा तो नव्हे, दुसरा, असं मानायला भक्कम आधार मिळाला. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो, तोही पाहा. काही तुकड्यांची नावं कसणाऱ्या माणसावरून पडलेली असतात आणि तो माणूस कागदात इतरत्र कुठेच नसतो. सर्व्हे नंबर बदलले असतील, कुठे एकत्रीकरणात गट झाले असतील, तर जुना-नवा मेळ घालायला भूमी अभिलेख कचेरीतून आकारफोड आणि फाळणी नकाशा काढावा लागेल.

मुंबई विसरू नका. घरातलं कुणी मुंबईत वारलं आणि मागे बँकेत पैसे किंवा खोली असेल, तर उच्च न्यायालयात प्रोबेटसाठी (मृत्युपत्र असेल तर) किंवा प्रशासनपत्रासाठी (नसेल तर) अर्ज झालेला असू शकतो. मृत्युपत्र नसलेल्याच्या अर्जात वारसांची नावं, मृताशी नातं, वय, पत्ता हे सगळं लिहावं लागतं, आणि मालमत्तेच्या यादीत कधी गावची जमीनही येते. दफनही गावीच झालं असेल असं नाही. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत किंवा मुंबईतल्या एखाद्या चर्चकडे नोंद असेल. कुटुंब मुळात गोव्यातल्या बारदेसातून आलं असं घरात सांगत असतील तर गोव्यात ‘इन्व्हेंतारियो’, म्हणजे मृताच्या मालमत्तेची वारसांवार वाटणी करणारं न्यायालयीन प्रकरण, हा वेगळा आणि समृद्ध साठा आहे. तिथला जुना पोर्तुगीज वारसा कायदा निराळा होता, म्हणून जुन्या प्रकरणांतली वारसांची यादीही निराळ्या तत्त्वाने झालेली असते.

मालवण १८१२ साली इंग्रजांकडे आलं आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होतं, त्यामुळे जुने संदर्भ रत्नागिरीच्या नावाखाली शोधा. लग्नसंबंध सावंतवाडीकडच्या गावांशी असतील तर ती गावं १९४८ पर्यंत संस्थानात होती आणि तिथल्या दप्तराची रीत वेगळी.

इतर समाजांतल्या वाचकांना एवढंच सांगते की जमिनीची ही साखळी सगळ्यांना सारखीच लागू पडते, दगडाची बाजू मात्र बदलते. बहुतेक हिंदू घरांत दहन असल्याने दगडाची जागा नमुना १४ आणि त्र्यंबकेश्वरासारख्या ठिकाणच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या घेतात. अलिबागकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणी ज्यू, थडग्यांवर हिब्रू साल असेल तर त्यातून ३७६० वजा करा. त्यांच्या नववर्षानंतरचे, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरचे महिने असतील तर ३७६१.

गावात विचारपूस करताना एक काळजी घ्या. मुंबईहून माणूस आला आणि सातबारा काढू लागला, की लोकांना वाटतं हा हिस्सा मागायला आला. त्यांची भीती खोटी नसते. असे दावे झालेले असतात. म्हणून पहिल्याच भेटीत हेतू स्पष्ट सांगा, काढलेल्या नकलांची एक प्रत त्यांना द्या, थडग्यांचे फोटो द्या. जे घर तुमच्याशी बोलायला कचरतं, त्याच घरात जुनी वाटणीपत्रं पेटीत असतात. आणि तुम्हाला खरोखर नाव लावायचं असेल तर ते काम वकिलाकडून, वेगळं करा. वंशावळ जुळली म्हणजे हक्क सिद्ध झाला असं नाही, आणि दोन्ही एकदम करायला गेलात तर वंशावळही हाती लागणार नाही.

तुमच्या बाबतीत माझा कल दोन चुलतभावांकडे आहे. भाट ‘भावाच्या हिश्शातलं’ असल्याचं तुम्ही लिहिलं आहे, आणि आत्यांच्या वंशावळीत पणजोबांना भाऊच नाही. म्हणजे एक अख्खी शाखा तिथे गाळली गेली आहे, किंवा दोन माणसं एक झाली आहेत. दोन्हींपैकी काहीही असलं तरी सातबाऱ्यावरची अनोळखी नावं त्याच शाखेची असण्याचा संभव मोठा. पण सालाचा आकडा १९४८ निघाला तर हा कल मी सोडून देईन.

तेव्हा आधी दगडाचे बाजूच्या उजेडातले फोटो काढा, मग चर्चमधली दफनाची आणि लग्नाची नोंद बघा, मग १९३६ च्या फेरफारातला हक्काच्या स्वरूपाचा पूर्ण मजकूर, आणि त्यात खताचा नंबर असेल तर खताची चतुःसीमा. हे चार हाती आले की इथेच लिहा. नावं मात्र कागदावर आहेत तशीच उतरवा. बस्त्याव असेल तर बस्त्याव, आडनाव अर्धवट असेल तर अर्धवट. तुम्ही शुद्ध करून लिहिलंत तर दोन माणसांमधला फरक सांगणारी खूण त्यातच पुसली जाऊ शकते.